दोन बोटं सैल

ताडकळसच्या सटवाजी पांचाळाकडे जू करायला टाकायचं असेल, तर आधी बैलजोडी त्याच्या दारात न्यावी लागे. नुसती लांबी-रुंदी सांगून भागत नसे. तो बैलाला अंगणातल्या लिंबाखाली उभा करी, त्याच्याभोवती दोन चकरा मारी, मानेवर तळहात ठेवून चाचपून बघी आणि मग कमरेची सुतळी सोडून खांद्याला वेढा देई. वेढा जिथं बसला तिथं एक गाठ. अशा चार-पाच गाठी झाल्या की ती सुतळी भिंतीतल्या खुंटीला टांगायची आणि बैलवाल्याला सांगायचं, "आठ दिसानं या." घरात लोखंडी टेप होता. तो धुरपताबाई, म्हणजे त्याची बायको, पापडाच्या लाट्या सारख्या कापायला वापरी.

माणूस तसा रागीट नव्हता, पण हेकट होता. निजामाच्या राज्यात दोन इयत्ता उर्दू शाळेत बसला होता, त्यातलं अक्षर एक राहिलं नाही, 'अंदाज', 'नमुना', 'मजबूत' एवढे शब्द मात्र राहिले. बाजारात कुणाच्या गाडीला तयार आणलेलं जू दिसलं की आधी बैलाची मान बघायला जाई आणि मालकाशी न बोलता निघून येई. टायरच्या गाड्या आल्या, लाकडी चाकं गेली, तरी जू काही गेलं नाही, म्हणून त्याचं दुकान चाललं. तीस वर्षांत त्याच्या जुवाखाली एकाही बैलाला खांदेसूज आली नव्हती. ही गोष्ट सटवाजी स्वतः कधी सांगत नसे. धुरपताबाई सांगे, आणि ती सांगायला लागली की समोरच्याची यष्टी चुकलीच म्हणून समजा.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या माघात, एका सोमवारी, पूर्णेच्या गाडीतून एक बाई उतरली आणि विचारत विचारत त्याच्या दारात आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, ठेंगणी, पायात रबरी चप्पल, आणि खांद्याला जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं धूड.

"सुतारमामा तुमीच का? मी सत्यशीला. पूर्णेच्या लिंबाजी गँगमनची पोरगी. बालवाडी शिकवते."

"बैल कुठंय?" सटवाजीनं सवयीनं विचारलं.

"बैल मीच हाय," ती म्हणाली. "मला खांदेसूज झालीय."

सटवाजी सहसा हसत नसे. तो हसला नाही, पण हातातला लाकूड तासायचा वाकस त्यानं खाली ठेवला.

तिनं साडी सोडली. आत गिटार होती. सटवाजीनं हे वाद्य सिनेमाच्या पाट्यांवर नटाच्या हातात पाहिलेलं, पण पाटीवरच्या वस्तूंवर त्याचा विश्वास नसे. सत्यशीलेनं सगळी हकिकत सांगितली. रेल्वेतले एक गार्डसाहेब होते, सिकंदराबादचे, सहा फूट उंच. लिंबाजीच्या शेजारी राहत. त्यांनी हौसेनं तिला वाजवायला शिकवलं आणि बदली झाली तेव्हा गिटार तिलाच देऊन गेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत घराघरातून गाणारी माणसं बाहेर पडली होती, गल्लीगल्लीत गायनपार्टी होती, पण गिटारवाली पार्टी एकच, तिच्या चुलतभावाची, सूर्यभानची. ती पुढं बसायची, वाजवायची आणि गायची. लोक लांबून बघायला येत.

"मंग दुखतंय कुठं?"

"साहेबांचं अंग मोठं, गिटारही मोठी. मी स्टेजवर मांडी घालून बसते. ही मांडीवर घेतली की उजवा हात वरून टाकायला खांदा कानापर्यंत न्यावा लागतो. चार गाणी झाली की हात बधिर. मागच्या महिन्यात मधीच बोटं थांबली. सूर्यभानदादा म्हणाला, जयंतीला दोन घंट्यांचा कार्यक्रम हाय, पूर्ण वाजवणं जमत असंल तर पुढं बस, न्हाईतर मागं बसून झांज वाजव." तिनं गिटार त्याच्या पुढं सरकवली. "मला झांज न्हाई वाजवायची, मामा. हिला कापून बारीक करून द्या."

चौदा एप्रिलला दोन महिने होते.

सटवाजीनं गिटार उलटीसुलटी केली, आत डोकावला, बोटाच्या पेरानं सगळीकडं ठोकून पाहिली. कापायला त्यानं साफ नकार दिला. दुसऱ्या कारागिराच्या हातचं मी कापीत नाही, म्हणाला. पण दांडी, म्हणजे जिच्यावर पितळी पडदे असतात ती, आणि खुंट्या आहेत तशा ठेवून खालचं अंग नवं करता येईल का, हे बघायला हरकत नव्हती. अंग पोकळ होतं, चार बाजूंनी नुसतं वाकवलेलं लाकूड. पेरणीची तिफण करणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काय होतं?

एका गोष्टीनं मात्र त्याला अडवलं. वर एक फुगवटा, मध्ये कंबर, खाली मोठा फुगवटा, असं ते अंग. यातलं कमी करायचं कुठं? सगळीकडून सारखं कमी केलं आणि आवाजच गेला तर?

तेवढ्यात धुरपताबाई ओसरीवर ज्वारीचं पीठ चाळायला बसली. वारं सुटलेलं. गिटार खाटेवर उताणी, तिच्यावर पिठाचा पातळ थर बसला. सत्यशीलेनं गडबडीनं पुसायला हात नेला तसा सटवाजी म्हणाला, "राहू दे. तार वाजव." तिनं जाड तार छेडली. खालच्या फुगवट्यावरचं पीठ थरथरून उडालं आणि कडेला गोळा झालं. वरच्या फुगवट्यावरचं जागचं हललंसुद्धा नाही. सटवाजीनं ते पाचदा करायला लावलं. धुरपताबाईचं पाव शेर पीठ त्यात गेलं, तिनं चाळण आपटली, पण सटवाजीचं काम झालं होतं. आवाज खालच्या पोटात राहतो. पोटाला हात लावायचा नाही, जी काय काटछाट करायची ती कमरेत, वरच्या खांद्यांत आणि जाडीत.

आता माप. इथं पंचाईत आली. बैलाच्या खांद्यावर हात ठेवणं वेगळं, परक्या तरण्या बाईच्या वेगळं. सटवाजीनं सुतळी बायकोच्या हातात दिली आणि स्वतः पाठ करून बसला. "मांडी घालून बसव. खांद्यावरून काखेखालून एक वेढा घे. मंग काखंपून मांडीपर्यंत. कोपरापून बोटापर्यंत. पोटापून गुडघ्यापर्यंत." धुरपताबाईनं सुतळी लावली, गाठी मारल्या. चार गाठी झाल्या. सत्यशीलेला तिनं चहा दिला, तोही कपात. कप नंतर कुठं ठेवला ते सटवाजीनं पाहिलं नाही. सत्यशीला गिटार तिथंच ठेवून पाचच्या गाडीनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी किशनराव आले. चार बैलजोड्यांचे मालक, गावात त्यांच्या शब्दाला वजन.

"सटवाजी, काल तुझ्या अंगणात कोण बसली होती म्हणे? पूर्णेची गाणारी? ते लोक काय काय गायलेत आजकाल, कानावर हाय ना तुझ्या?"

"मापाला आली व्हती," सटवाजी म्हणाला.

"तिचं काम करणार तू?"

"किशनराव, तुमाला जू टाकायचं असंल तर बैल घेऊन या. बाकीचं मी बगतो."

किशनराव फणकाऱ्यानं गेले. त्यांनी नवं जू मुद्दाम दुसरीकडून आणवलं. चैत्रात त्यांच्या खिलाऱ्याच्या मानेला सूज आली आणि ते गुमान बैल घेऊन लिंबाखाली उभे राहिले. पण ते नंतरचं.

सटवाजीनं गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, मधोमध दुमडला आणि अर्धंच अंग काढलं. दुमडलेला पुठ्ठा कापला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात, जुवाच्या दोन टोकांचा नमुना तो असाच काढी. गाठी मोजून त्यानं कंबर ठरवली, वरचे खांदे ठरवले, पुठ्ठा उघडला आणि गार्डसाहेबांच्या गिटारीवर ठेवून बघितला. सगळीकडून दोरीभरच कमी. त्याला वाटलं आपली चूक झाली. पुन्हा काढला. पुन्हा तेच. शेवटी त्यानं पुठ्ठ्यावरून दोन साध्या फळ्या कापल्या, त्या जोडून चार बोटं जाडीचं नुसतं धूड तयार केलं, आणि पंधरा दिवसांनी सत्यशीला आली तेव्हा तिच्या मांडीवर दिलं.

तिनं हात वरून टाकला. उजवा खांदा कानाकडं गेला.

"असंच हुतं," ती हळूच म्हणाली.

सटवाजीचं तोंड उतरलं. तीस वर्षांत त्याची सुतळी खोटं बोलली नव्हती. त्यानं गाठी पुन्हा तपासल्या, सुतळी ओली होऊन ताणली का ते पाहिलं, मग सुतळीच सत्यशीलेच्या हातात दिली. "बाई, ही तुझी तूच खांद्यावरून काखेखालून घे बरं. माझी पहिली गाठ कुठं येती बग."

तिनं वेढा घेतला. सुतळी दंडाला लागली तरी गाठ पुढंच राहिली. मध्ये दोन बोटं जातील एवढी जागा.

"हिथं पण दोन बोटं," ती मांडीपाशी बघून म्हणाली. "कोपरापाशी पण तेवढंच."

सगळीकडं सारखं. सटवाजी कारागीर होता. सगळीकडं सारखी येणारी चूक हाताची नसते, पद्धतीची असते, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं. धुरपताबाई चुलीकडं बघत होती.

आता इथं जो शब्द आहे तो टाळण्यात अर्थ नाही. विटाळ. धुरपताबाई वाईट बाई नव्हती. दारी आलेल्याला उपाशी पाठवायची नाही, शेजारणीच्या बाळंतपणात रात्र रात्र जागायची. पण लहानपणापासून तिच्या हाताला एक अंतर शिकवलेलं होतं आणि तो हात न विचारता ते पाळी. तिनं सुतळी सत्यशीलेच्या अंगापासून दोन बोटं लांब धरली होती. काखेत टोक घालायचं ते दंडाच्या बाहेरूनच. जिथं टेकवायचं तिथं ते टेकलंच नव्हतं. मापात सगळीकडून दोन बोटं हवा आली होती आणि त्या हवेची गिटार सटवाजी करत बसला होता.

"तुला ठाऊक व्हतं?" त्यानं सत्यशीलेला विचारलं.

"सुतळी अंगाला लागली न्हाई एवढं ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमची मापाची पद्धत आसंल."

ती हे टोचून बोलली नाही, अगदी साधेपणानं बोलली, आणि त्यामुळं ते जास्तच लागलं. सटवाजीला लाज वाटली. बायकोची वाटली आणि स्वतःची त्याहून जास्त, कारण पाठ करून बसला होता तरी चहाचा कप वेगळा ठेवला जाईल हे त्याला माहीत होतं आणि तो त्याबद्दल कधीच काही बोलला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "अंगाला हात न लावता माप येत न्हाई. बैलाचंही येत न्हाई."

धुरपताबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठली, पदराला हात पुसले आणि सत्यशीलेच्या मागं येऊन बसली. सुतळी घ्यायच्या आधी तिनं नुसता तळहात तिच्या उजव्या खांद्यावर ठेवला. नवऱ्यानं बैलावर ठेवलेला तिनं हजारदा पाहिला असेल.

"आगं बाई," ती म्हणाली. "हिथं तर गाठ हाय. लिंबाएवढी. आन् तू ह्या खांद्यानं वाजवायलीस?"

मग सुतळी बाजूलाच राहिली. करडईचं तेल कोमट झालं, खांदा चोळला गेला, "घरात कोण चोळतं गं?", "कुणीच न्हाई, आई वारली माझी", अशी बोलणी झाली. सटवाजी पाठ करून बसून कंटाळला. "माप घेणार हाईस का?" असं दोनदा विचारल्यावर मापं घेतली गेली, घट्ट, सुतळी अंगाला चिकटवून. त्या दिवशी सत्यशीलेची पाचची गाडी चुकली.

नवा पुठ्ठा काढताना सटवाजीनं एक गोष्ट केली जी त्यानं आयुष्यात केली नव्हती. त्यानं पुठ्ठा दुमडला नाही. जुवाला दोन बैल असतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. पण मांडी घालून बसलेल्या बाईला खाली मांडी असते आणि वर हात असतो, आणि त्या दोघांचं काम एक नाही. तेव्हा खालची कंबर त्यानं खोल घेतली, मांडीवर घट्ट बसेल अशी, आणि साहेबांच्या गिटारीपेक्षा दोन बोटं दांडीकडं सरकवली. वरची कंबर उथळ ठेवली, आणि तिच्या पलीकडं, मोठ्या पोटावरून जिथून हात टाकायचा तिथली कड उतरती केली. मोठं पोट होतं तेवढं राहिलं. जाडी मात्र चार बोटांवरून हाताच्या बाजूला अडीचवर आणली आणि मांडीच्या बाजूला चारच ठेवली, म्हणजे सगळं वाद्य अंगाकडं किंचित कलतं.

पुठ्ठा बघून लोहार गल्लीतला येडबा म्हणाला, "सटवादादा, उंदरानं कुरतडलं का हे?"

लाकूड सापडायला वेळ गेला नाही. पूर्णेच्या मालधक्क्यावर देवदाराच्या खोक्यांच्या फळ्या पडलेल्या असत, लिंबाजीनं त्यातली सरळ रेघांची एक आणून दिली. वरच्या फळीला ती. सटवाजीनं पहिल्यांदा ती अर्ध्या बोटाएवढी जाड ठेवली, कारण त्याचा हात जन्मभर न मोडणाऱ्या वस्तूंवर चाललेला. ठोकल्यावर पाटावर थाप मारल्यासारखा आवाज आला. मग रोज थोडी रंध्यानं उतरवायची आणि ठोकायचं, असं आठ दिवस. बायको म्हणाली, आता ही तुटणार. सटवाजीलाही तेच वाटत होतं, तरी त्यानं आणखी एक हात फिरवला आणि फळी एकदम बोलली. बाजूच्या सागाच्या पट्ट्या त्यानं दोन दिवस हौदात भिजवल्या आणि गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव विस्तवात तापवून तिच्यावर दाबून दाबून वळवल्या. तीन तुटल्या, चौथी आली. तारा ज्या घोडीवरून जातात ती कुठं चिकटवायची याचा तर त्यानं विचारच केला नाही. साहेबांच्या गिटारीवर दांडीच्या टोकापासून घोडीपर्यंत सुतळी धरली, दुमडली, तर मध्य बरोबर बाराव्या पडद्यावर आला. नव्या अंगावर तोच हिशेब, झालं. पुढं त्यानं आणखी तीन गिटारी केल्या आणि प्रत्येक वेळी हे आपणच शोधून काढलं असं सांगितलं.

चौदा एप्रिलला दोघं नवरा-बायको पूर्णेला गेली. ऊन कलल्यावर पाचच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. मैदानात एवढी माणसं की धुरपताबाईनं नवऱ्याचा सदरा धरून ठेवला. सूर्यभान हार्मोनियमवर होता, आणि सगळ्यांच्या पुढं, मधोमध, पांढऱ्या साडीत सत्यशीला. मांडीवर ती वाकडी गिटार. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलंसुद्धा.

पहिलं गाणं झालं. दुसरं. लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते, नामांतराचं गाणं आलं तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. सटवाजीला यातलं काही ऐकू येत नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. त्याचे डोळे तिच्या उजव्या खांद्यावर होते. चौथ्या गाण्याला त्याला घाम फुटला, कारण बधिर व्हायची वेळ तीच. खांदा जागचा हलला नाही. सहावं झालं, आठवं झालं. मध्येच तिला कुणी पाण्याचा तांब्या दिला, तर तिनं गिटार खाली न ठेवताच पाणी प्यायलं आणि पुन्हा सुरू केलं. दिवे लागले तेव्हा दोन तासांवर वीस मिनिटं झाली होती आणि सूर्यभान तिला खूण करत होता की आता पुरे.

मागं कनातीपाशी गर्दी होती. सूर्यभान सगळ्यांना तिच्या हाताकडं बोट करून काहीतरी सांगत होता. सत्यशीला धापा टाकत आली, गिटार अजून काखेत, चेहरा लाल. तिनं दोघांना वाकून नमस्कार केला.

"मामा, कसं झालं? खरं सांगा."

"मला गाण्यातलं काय कळतंय, बाई," सटवाजी म्हणाला. "मी दोन घंटे तुझ्या खांद्याकडंच बगायलोय. दुखला का गं?"

सत्यशीलेनं जरा गोंधळून पाहिलं. "कोणता खांदा?" तिनं विचारलं.

थट्टा नव्हती ती. तिला खरंच आठवत नव्हतं. सटवाजीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं, भर गर्दीत, चारचौघांदेखत. मग धुरपताबाईच पुढं झाली.

"ह्यो, बाई," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून बोटांनी चाचपून बघायला लागली. गाठ कुठं सापडली नाही, तरी तिनं हात बराच वेळ तिथंच ठेवला.